टाळ्यांचा तर्जुमा

सभा दिसली की माझ्या अंगात येतं. ही खोड लहानपणापासूनची. शाळेत वक्तृत्वाच्या ढाली आणल्या, कॉलेजात आणल्या, आणि लग्नानंतर भोकरला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला माईक माझ्याच हातात. तालुक्यात कुणाला इंग्रजी कागद वाचून घ्यायचा असला, कुणाच्या पोराचा व्हिसाचा फॉर्म भरायचा असला, की ‘मॅडमकडं जा’. मला ते आवडायचं. आवडायचं काय, त्याच्यावरच जगत होते म्हणा ना. समोरची माणसं गप्प होऊन ऐकायला लागली की माझं पोट भरायचं. माझ्या या खोडीनं एका बाईचं वाटोळं झालं. ते लिहायचं म्हणून चार दिवस कागद घेऊन बसते आहे आणि दर वेळी उठून दुसरंच काही काम काढते आहे. आज सांगूनच टाकते.

माझं माहेर लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या बाजूला. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकासारखी एक घरं. तिथं माझा मोठा भाऊ शेती करतो. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. त्याच्या पट्ट्यात सोयाबीन सोडून दुसरं काही दिसायचं नाही. त्या साली भादव्यात ऐन शेंगा भरायच्या वेळेला रोग पडला, पिवळा मोझॅक म्हणतात तो, आणि शेतंच्या शेतं पिवळी व्हायला लागली. दादा शेतकऱ्यांच्या गटाचा म्होरक्या. त्याचा फोन आला.

“बाई, अमेरिकेहून दोन शास्त्रज्ञ येऊन राहिलेत, आपलं सोयाबीन बघायला. त्यांचं आमाला कळत न्हाई आन् आमचं त्यांना. तू ये दोन दिस.”

मी रजा टाकली. चांगली इस्त्री केलेली साडी बॅगेत घातली. सभा होणार म्हटल्यावर मी कशाला मागं राहते!

लातूरला त्यांना घ्यायला गेलो तर दादा बघतच राहिला. एक होता उंचापुरा गोरा अमेरिकन. त्याचं घराणं तिकडचं शेतकऱ्याचंच, बाप अजून सोयाबीन पेरतो, आणि हा शिकून पिकांच्या रोगांचा शास्त्रज्ञ झालेला. दुसरी एक बाई. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, कापलेले केस, डोक्याला कापडी टोपी. जन्मानं चिनी, पण पंधरा वर्षं अमेरिकेत त्याच्याच विद्यापीठात, त्याच्याच प्रयोगशाळेत.

दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ही तर चायनाची हाय. आन् तो अमेरिकेचा. एका गाडीत? ह्यांचं तर वाजलंय की!”

वाजलंच होतं. त्या दिवसांत टीव्ही लावला की तेच. अमेरिकेनं चीनच्या मालावर कर वाढवला म्हणून चीननं अमेरिकेचं सोयाबीन घेणं थांबवलं होतं. आपल्यावरही अमेरिकेनं कर लादलाच होता. तिकडं खुट्ट झालं की लातूरच्या आडतीवर भाव हलतो, त्यामुळं तहसीलमध्ये काय चाललंय हे मालूम नसलेली आमच्या गावची माणसं चीन आणि अमेरिकेचं मात्र तोंडपाठ सांगायची.

मला वाटलं होतं, हे दोघं गाडीत तोंडं फिरवून बसतील. कसलं काय! तो केळी सोलून तिला देत होता, ती त्याला सालं खिडकीबाहेर टाकू नको म्हणून दटावत होती. शेजारीपाजारी राहून म्हातारी झालेली माणसं बोलतात तसं बोलणं. शेवटी मला राहवलं नाही. मी पुढच्या सीटवरून वळून विचारलंच, “तुमच्या देशांचं भांडण तुमच्या दोघांत येत नाही का?”

तो हसला. म्हणाला, “माझ्या वडिलांनी जन्मात चिनी माणूस बघितला नव्हता. पण पीक निघालं की दरवर्षी म्हणायचे, चला, चीन जेवायला बसला. यंदा म्हणतात, चीननं आपल्याला दगा दिला. परवा फोनवर मला म्हणाले, तुझ्या त्या बाईला विचार, आमचं काय चुकलं.”

“मग विचारलंस का?” मी.

“विचारलं,” ती बाईच म्हणाली. “मी म्हटलं, माझे वडीलसुद्धा सोयाबीनच पेरायचे, त्यांनाही आयुष्यभर हाच प्रश्न पडायचा.”

मग ती बोलत गेली. तिची आई उत्तर चीनमधल्या खेड्यात राहते. आईच्या मते अमेरिकन लोक म्हाताऱ्या आईबापांना घराबाहेर काढतात, गार जेवतात आणि उशीखाली बंदूक घेऊन झोपतात. लेक तिथं उपाशी मरत असेल म्हणून ती दर वेळी वाळवलेल्या अळंब्यांचं गाठोडं बांधून देते. आणि अमेरिकेत पंधरा वर्षं राहूनही दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, तू मूळची कुठली? “गावी गेले की मी अमेरिकन झाले का ते तपासतात,” ती म्हणाली. “अमेरिकेत मी चिनीच राहिले का ते तपासतात. बॅग दोन्हीकडं उघडून बघतात.”

अमेरिकन म्हणाला, “माझ्या आईनं हिला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा विचारलं होतं, तुला काटा-चमचा जमेल ना?”

“मी म्हटलं, जमेल, फक्त शिंकाळ्यावर टांगून ठेवू नका, माझा हात पोचत नाही,” ती म्हणाली. तिनं अर्थात शेल्फ म्हटलं होतं. शिंकाळं मी दादाला सांगताना घातलं. दादा खदखदून हसला आणि मला बरं वाटलं. बघा, सुरुवात अशी होते. कुणाचं काही जात नव्हतं तेव्हा.

घरी वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, पिठलं-भाकरी आणि ठेचा केला होता. अमेरिकनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या तरी तो खात होता. जेवण झाल्यावर वहिनीनं त्या बाईला आत नेलं. मला म्हणाली, “वन्सं, इचारा, लग्न झालंय का.” झालं होतं. नवरा होता, आठवीतली एक मुलगी होती. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, चिनी बोलायला लाजते म्हणाली. मग वहिनीनं पाट मांडला, हळदीकुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली. तिनं वहिनीनं दिलेल्या ओढणीचा पदर दोन्ही हातांनी धरून मला विचारलं, याचा अर्थ काय?

मी म्हटलं, “आता तू या घरची लेक झालीस. तुझं बरंवाईट ते आमचं.”

तिचे डोळे भरून आले. तिनं वाकून वहिनीच्या पायांना हात लावला, तोही चुकीच्या हातानं, आणि वहिनी हसता हसता रडली.

बाहेर ओसरीवर गटातली माणसं जमली होती. ती बाहेर आली तसा एकजण म्हणाला, “मॅडम, जपून बरं का! चायना माल हाय, ग्यारंटी न्हाई!” सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. आत्ता ओटी भरलेली बाई समोर उभी आणि मी फिदीफिदी हसले. तिनं हसत मला विचारलं, काय म्हणाले ते? मी म्हटलं, “तुमचं स्वागत असो म्हणतात.” तिनं त्या माणसाला हात जोडले आणि ‘थँक्यू’ म्हणाली. त्यावर लोक आणखी हसले. त्या वेळीच माझ्या जिभेला चटका बसायला हवा होता. नाही बसला.

सभा दुपारी देवळाच्या सभामंडपात होती. शे-सव्वाशे माणूस, समोर चार खुर्च्या, एक माईक. अमेरिकनानं रोग कसा पसरतो ते सांगितलं. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर कसा नेते, शेवटचं पिवळं झाडसुद्धा उपटून गाडायला का पाहिजे, हे सगळं. मी एकेक वाक्य मराठीत करत होते. दहा मिनिटांत लोक जांभया द्यायला लागले. दोघं-तिघं तंबाखू थुंकायला म्हणून गेले ते तिकडंच बसले. मागं गप्पा सुरू झाल्या. अमेरिकनाला खुर्चीत बसवेना. त्यानं खिशातलं भिंग काढलं आणि पाच-सहा जणांना घेऊन देवळामागच्या रानात माशी दाखवायला निघून गेला.

समोर खुर्च्यांवर राहिलो ती बाई, दादा आणि मी. आणि माझ्या हातातनं चाललेली सभा. हे कुणाला कळायचं नाही. गायला उभं राहावं आणि लोकांनी उठून जावं, तसं मला होत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतला एकजण उठला. “ते रोगाचं ऱ्हाऊ द्या. त्या मॅडमला इचारा, चीननं अमेरिकेचं सोयाबीन बंद केलं ते खरं का? आन् अमेरिकेनं आपल्यावर बी कर लावलाय, तर आपुन बी चीनसारखं ताठ उभं ऱ्हावं का न्हाई?”

मंडप एकदम जागा झाला. थुंकायला गेलेले परत आले. किल्लारीकडं बातम्यांचं पोर्टल चालवणारा एक पोक्त गृहस्थ इतका वेळ खांबाला टेकून बसला होता, त्यानं मोबाईल वर धरला.

मी तिला प्रश्न इंग्रजीत सांगितला. ती माझ्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलली. मी मान हलवली. मान हलवताना मी तिथं नव्हतेच. मी मनातल्या मनात माईकसमोर उभी होते आणि शब्द जुळवत होते.

मग मी उठले आणि म्हणाले, “मॅडम सांगतात, अमेरिकेला शेतकऱ्याची भाषा कळत नाही, फक्त पोटाची कळते! म्हणून आम्ही तिचं सोयाबीन बंद केलं. कुजू द्या तिच्या गोदामात! आज ना उद्या ती गुडघ्यावर येईल!” टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी थांबायचं ना? पण टाळी पडली की मला दुसरी लागते. मी त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आणि मॅडम म्हणतात, मी राहते अमेरिकेत, पण मीठ माझ्या देशाचं खाल्लंय, आणि आजही काम माझ्या देशाचंच करते!”

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी.

हे शेवटचं वाक्य मी का घातलं, ते सांगते, आणि सबब म्हणून सांगत नाही. मला तिला मोठं करायचं होतं. आमच्याकडं माणूस दूर गेला तर पहिला सवाल एकच, गावाला विसरला का? पुण्याला बंगला बांधलेल्याला कुणी विचारत नाही, पण पोळ्याला गावात येऊन बैलापुढं उभा राहणाऱ्याची वाहवा होते. परमुलखात राहून आपल्या मातीचं काम करतो, याच्यावर मोठी तारीफ आमच्या बोलण्यात नाही. ती मी तिच्या तोंडी घातली. अमेरिकेत राहणाऱ्या चिनी शास्त्रज्ञाला तेच वाक्य फास होऊ शकतं, हे मला सुचलं नाही. आणि ‘बॅग उघडून बघतात’ हे तिनं सकाळीच माझ्यासमोर सांगितलं होतं! इंग्रजीची प्राध्यापक म्हणे.

तिला काहीच कळलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवतात म्हणून ती हसली आणि हात जोडून उभी राहिली. अमेरिकन तेवढ्यात रानातून परत आला, बुटांना चिखल, हातात उपटलेलं पिवळं झाड. सगळे टाळ्या वाजवताना बघून त्यानं झाड खाली ठेवलं आणि तोही वाजवायला लागला. त्याचे हात मोठे होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याच्या टाळ्या चालूच होत्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दादा म्हणाला, “बाई, ती तर दोनच वाक्य बोलली. तू एवढं लांबड कुठून लावलं?”

“इंग्रजीत थोडक्यात बोलतात, दादा. मराठीत पसरून सांगावं लागतं.”

दादाची सातवीनंतर शाळा सुटली. माझ्या शिक्षणासाठी सुटली, असं घरात कुणी बोलत नाही, पण तसंच आहे. त्यानं मान डोलवली.

पोर्टलवर त्या सभेच्या व्हिडिओचा तुकडा आला, ‘चीनच्या लेकीनं अमेरिकेला सुनावलं’. आठ दिवसांत माझ्या ओळखीच्या सगळ्या फोनांवर फिरला. भोकरला आमच्याच कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार. वक्ते मला ‘मराठवाड्याची मुलूखमैदान तोफ’ म्हणाले. मी खाली मान घालून लाजल्यासारखं केलं आणि शालीची घडी मोडू नये म्हणून ताठ बसून राहिले. प्राचार्याची जागा रिकामी होणार होती, माझं नाव चर्चेत होतं, आणि त्या दिवशी ते जवळजवळ पक्कंच झालं म्हणा.

दसरा झाल्यावर अमेरिकनाचा मेल आला. त्यांच्या गावातल्या कुणा मराठी विद्यार्थ्यानं तो तुकडा बघून खाली इंग्रजी ओळी घातल्या होत्या. गंमत म्हणूनच घातल्या असतील. ते तिथल्या लोकांनी बघितलं, विद्यापीठानं बघितलं. बाईची चौकशी लागली. प्रयोगशाळेचं कार्ड काढून घेतलं, तिथं राहण्याचे कागद अडकले. ‘मी राहते अमेरिकेत, पण काम माझ्या देशाचंच करते’ हे वाक्य चौकशीवाले तिला पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होते. त्यानं लिहिलं होतं: “ती म्हणते मी असं बोललेच नाही. मी तेव्हा मंडपात नव्हतो, आणि मी तिचा मित्र, माझं कोण ऐकतं. त्या दिवशी ती काय बोलली हे तिच्याशिवाय फक्त तुम्हाला माहीत आहे. कृपा करून लिहून द्या.” आणि शेवटी एक ओळ: “त्या व्हिडिओत मीही टाळ्या वाजवताना दिसतो. माझ्या वडिलांनी पाहिला.”

मेल तीनदा वाचला. आणि मग मी काय केलं असेल? मी प्राचार्याच्या जागेचा विचार केला. शालीचा विचार केला. उद्या भोकरमध्ये लोक म्हणतील, मॅडमनी थापा मारल्या. मग माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत उत्तर लिहिलं. भाषांतराचा एकंदर आशय योग्य होता. तथापि ध्वनियंत्रणा सदोष असल्यामुळं आणि गर्दीच्या गोंगाटामुळं तपशिलात किरकोळ फरक पडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. स्वल्पविराम तपासले. अमेरिकनाला आणि त्यानं दिलेल्या विद्यापीठाच्या पत्त्यावर पाठवून दिलं. चोरानं चोरी करून वर घर झाडून जावं, तसलं ते पत्र होतं. अमेरिकनाचं उत्तर आलं नाही.

दिवाळीत माहेरी गेले. वहिनी चकल्या तळत होती, दादा शेजारी पेपर वाचत होता. वहिनी म्हणाली, “वन्सं, त्या आपल्या चिनी बाईला फोन लावा की. माहेरची दिवाळी हाय म्हणावं, पहिली. चार चकल्या धाडता आल्या असत्या तर!”

मी म्हटलं, “लावता येणार नाही.”

“का?”

आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर आलं. गाडीपासून पत्रापर्यंत. वहिनीला सगळं कळलं नाही, ती एकदा माझ्याकडं, एकदा दादाकडं बघत राहिली. झाऱ्यातली चकली करपली.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेपराची नीट घडी घातली. “म्हंजी मला बी तू फसीवलंस,” तो म्हणाला. “इंग्रजीत थोडक्यात बोलतात म्हनलीस.”

“हाव.”

“ह्या घरात ओटी भरली तिची. लेक म्हनलो. लेकीवर किटाळ आलं तर आपुन काय केलं आसतं?” त्यानं मोबाईल माझ्यापुढं सरकवला. “शरम वाटत आसंल तर लिही. हितंच बस आन् लिही. म्या बसतो शेजारी.”

तो खरंच बसला. इंग्रजी अक्षर वाचता येत नाही त्याला, तरी मोबाईलकडं बघत बसला. मी विद्यापीठाला लिहिलं, तिनं ते वाक्य म्हटलेलं नाही, ते माझं आहे. त्याआधीची वाक्यंही माझीच आहेत. माझं पहिलं पत्र खोटं होतं. दादानं विचारलं, “समदं लिहिलंस?” मी म्हटलं, समदं.

चौथ्या दिवशी विद्यापीठाकडून उत्तर आलं. फार सभ्य. तुमची दोन पत्रं एकमेकींशी जुळत नाहीत, तरी त्या दिवशी डॉक्टरबाई नेमकं काय म्हणाल्या, ते कृपया तुमच्या शब्दांत कळवावं.

मी मोबाईल घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं, मला काहीच आठवत नाही. शिट्टी कुणी मारली ते आठवतं. पिवळ्या पटक्यातला म्हातारा टाळी देताना कसा पुढं वाकला ते आठवतं. तिनं माझ्या कानाशी काय सांगितलं, त्यातला एक शब्द आठवत नाही. ती बोलत होती तेव्हा मी ऐकतच नव्हते! पोर्टलवाल्याला फोन केला, मूळ चित्रण असेल तर द्या म्हटलं. तो म्हणाला, “मॅडम, इंग्रजी कोन ऐकतंय? तेवढं कापून टाकलं.”

मग तिलाच फोन करण्यावाचून इलाज नव्हता. इतके दिवस हिंमत झाली नव्हती. आता झाली तीही दादा-वहिनी दोन बाजूंना बसले म्हणून. त्या फोननंतर मी विद्यापीठाला तिसरं पत्रही पाठवलं. त्याची पोच तेवढी आली.

तिनं फोन लगेच उचलला. मागं खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, निकाल लागायच्या आधी मीच राजीनामा दिला, आम्ही परत जातोय. मुलगी आठवडाभर चिडलीये. कुठं चाललो विचारते. मी म्हणते, घरी. ती म्हणते, घर तर हे आहे. एवढं सांगून तिनं मला विचारलं, सोयाबीनचं काय झालं, रोग आटोक्यात आला का?

मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, मग रडायला आलं तशी मराठीत मागितली, तिला कळत नव्हतं तरी. ती ऐकत होती. मी म्हटलं, मी पुन्हा लिहिते त्यांना, अगदी शब्द न शब्द लिहिते, फक्त मला सांग, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस?

मग हळूच, त्या दिवशी कानाशी बोलली तशाच आवाजात तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. शेवटी म्हणाली, “तुम्ही मान हलवली. मला वाटलं, तुम्हाला कळलं.”

फोन ठेवला. दादानं विचारलं, “काय म्हनली?”

आणि मी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. “ती म्हणते, मी तुम्हाला म्हणाले होते, कृपा करून या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घेऊ नका. मी यावर काहीही बोलले तरी माझ्यावर बेतेल. त्यांना सांगा, मला फक्त पानांबद्दल विचारा.”

दादा उठला आणि रानाकडं निघून गेला. वहिनी तिथंच बसून होती. तिनं अगदी साधेपणानं, खरंच माहीत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, “मग त्या टाळ्या कशाच्या होत्या, वन्सं?”